सव्वीस पूर्णांक चार

रे रोडला, भंगाराच्या गोदामांमागे,
परकारांच्या शेडमध्ये
पट्टे आवळून उभी केलीय माझी फियाट
दोन रोलरांवर.
मागची चाकं धावतायत, गाडी जागच्या जागी.
तोंडासमोर लग्नाच्या हॉलातला जुना पंखा,
रस्त्यावरच्या वाऱ्याचं सोंग घेऊन.

लॅपटॉपपाशी अस्मा, इब्राहिमची धाकटी,
ओढणी कमरेला खोचलेली.
“काका, चौथा टाका. आता पूर्ण दाबा. सोडू नका.”
दाबला.
बेचाळीस वर्षांत एवढा कधी दाबला नव्हता.
पत्रे थरथरले, चहाचा ग्लास
टेबलावरून चालत चालत कडेला आला.
पडद्यावरची रेघ चढली, थबकली, वाकली.
“सव्वीस पूर्णांक चार,” ती म्हणाली,
डॉक्टर सांगतात तसं,
माझ्याकडे न बघता.

माहितीपत्रकात चाळीस होते.
मला विचारा. कुर्ल्याला टेस्ट बेडवर
अकरा वर्षं काढलीत मी.
इंजिन यायचं उघडंबोडकं:
पंखा नाही, डायनामो नाही,
सायलेन्सरच्या जागी भिंतीतून बाहेर गेलेला
हात जाईल एवढा पाइप,
अंगातून नळाचं गार पाणी खेळतंय.
ब्रेकचा काटा स्थिर झाला की
गोन्साल्विस साहेब चष्मा कपाळावर ढकलून
आकडा वाचायचे, मी लिहायचो.
शाईने.
खोटं कुणीच लिहिलं नाही.
वजन करताना चपला काढतात ना,
तशी त्या काळची रीत.

मग तेच इंजिन गाडीत बसायचं
आणि संसार सुरू.
पंखा ओढायचा, दिवे लावायचे,
शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून
श्वास नळीतून दाबून सोडायचा.
गिअरबॉक्सच्या तेलात काही घोडे पोहत राहिले,
डिफरन्शियलच्या कोपऱ्यावर वळताना काही गेले.
वहीच्या मागच्या पानावर मी मांडून पाहिलंय,
तरी तिघांचा पत्ता लागत नाही.

काळ्या घोड्याला घोडा नव्हता
त्या सगळ्या वर्षांत
बसचा कंडक्टर “काळा घोडा” म्हणूनच ओरडायचा
आणि लोक बरोबर उतरायचे.
मीही चाळीस म्हणतच आलो,
सोसायटीत, मेहुण्यांना, गिऱ्हाइकं आली तेव्हाही.

शालनचं गोदरेजचं कपाट
लालबागहून मुलुंडला नेलं याच गाडीच्या टपावर,
आत पाच माणसं, मांडीवर शिलाई मशीन.
सायनच्या पुलाच्या चढाला
दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो,
शालन सीटच्या कडेवर सरकून बसली,
जणू तिथे बसल्याने वजन कमी होणार.
मागचा टँकर हॉर्न देऊन देऊन थकला.
चढलो.
किती घोड्यांनी, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

“काका, चौतीस डिग्री आहे, हवा दमट आहे.
प्रमाणित हवेचा गुणक लावला
तर सव्वासत्तावीस दिसतील. लावू?”
“कुठली प्रमाणित हवा?”
“पुस्तकातली. गार, कोरडी.”
“तिथे राहतं कोण?”
ती हसली. बोट कळीवरच होतं.
मोह झाला, खरं सांगतो,
पाऊण घोड्याचाही मोह होतो.
म्हटलं, राहू दे. आहे ती हवा असू दे आत.

इब्राहिमने प्लग काढले, एकेका भोकात मीटर धरला.
एकशे वीस. एकशे अठरा. नव्वद. एकशे पंधरा.
तिसऱ्यापाशी तो थांबला, काही बोलला नाही.
मीच तर बसवल्या होत्या त्या झडपा
गेल्या दिवाळीच्या आधी,
पाठीत कळ आली म्हणून
तिसरीला पेस्ट लावून चार फेरे कमी घासली,
आणि झाकण लावून टाकलं.

म्हणजे एक तरी सापडला.